गोड्या पाण्याचा पट्टा

१९७३ साली मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना मंजूर झाली. तिच्या नकाशात वसईच्या खाडीपलीकडचा मोठा भूभाग हरित पट्टा म्हणून दाखवला होता. इथं शेती, वाड्या आणि गावठाणं राहतील, शहर इथं पसरणार नाही, असा त्याचा अर्थ. नकाशात तो रंग भरला जाण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आगाशी, नंदाखाल, निर्मळ, वाघोली, गास, भुईगाव, गिरीज ही गावं तशीच नांदत होती. सरकारने होत्या त्या वस्तुस्थितीवर शिक्का मारला, इतकंच. पंधरा वर्षांनी, १९८८ मध्ये, राज्य सरकारने त्यातली हजारो हेक्टर जमीन बांधकामाला खुली केली आणि शहराच्या पोटात सापडलेली शेती वाचवण्याचा एक लढा सुरू झाला. तो दोन पिढ्यांना पुरला आहे आणि अजून संपलेला नाही.

यवतमाळात बसून वसईबद्दल लिहिण्याचं कारण सांगायला हवं. आमच्याकडे शहर वाढतं म्हणजे ले-आउट पडतात. कालपर्यंत जिथं पऱ्हाटी आणि तूर उभी होती तिथं चुन्याच्या रेघा आखल्या जातात, मुरमाचे रस्ते टाकले जातात, आणि वावर हा शब्द जाऊन प्लॉट हा शब्द येतो. लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव ही यवतमाळभोवतीची गावं बघता बघता नगरपरिषदेच्या हद्दीत आली. त्या वावरांनी शहरासाठी नेमकं काय काम केलं होतं, पावसाचं पाणी कुठं जिरवलं होतं, कुणाच्या विहिरी भरत्या ठेवल्या होत्या, हा प्रश्न आमच्याकडे मोठ्या आवाजात कुणी विचारला नाही. वसईच्या लोकांनी तो विचारला, आणि रस्त्यावर येऊन विचारला. म्हणून हा इतिहास विदर्भातल्या माणसानेही समजून घेण्यासारखा आहे.

वसईची भूमी फार जुनी आहे. आजचं नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये इथला स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यालाच मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावात. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली. दोनशे वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी ती जिंकली. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला तोही इथलाच. राज्यं अशी येत-जात राहिली, पण किल्ल्याबाहेरच्या वाड्यांमधलं कष्टाचं जग फारसं हललं नाही. सामवेदी ब्राह्मण, कुपारी ख्रिस्ती, वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी असे निरनिराळे समाज देऊळ आणि चर्च यांच्या सावलीत शेजारी शेजारी राहिले आणि त्यांनी एकाच पद्धतीची शेती केली. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये वसईच्या ऊस-केळीच्या बागायतीचं वर्णन आहे, आणि ही बागायत तेव्हाही नवी नव्हती.

ही शेती कशी चालायची हे नीट समजल्याशिवाय पुढचं भांडण समजत नाही. वसईच्या वाडीत पिकं थरांनी लावलेली असतात. सर्वांत वर नारळ, त्याखाली सुपारी, त्याखाली केळी, सुपारीच्या खोडावर चढलेली विड्याच्या पानांची वेल, आणि मोकळ्या वाफ्यांत भाजी नाहीतर फुलझाडं. मोगरा, जास्वंद, सोनचाफा. एकरभर वाडीवर घर चालायचं, कारण त्या एकरातून वर्षाचे बाराही महिने काही ना काही बाजारात जात असे. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करायची आणि सुक्या पाल्यात बांधून ठेवायची, ही आगाशी-नंदाखाल भागाची खास कारागिरी. अशी बारमाही बागायत समुद्राला लागून होऊ शकते, हेच मुळात नवल आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. तिन्ही बाजूंनी खारं पाणी, आणि मधल्या वाळूमिश्रित जमिनीत पंधरा-वीस फुटांवर गोड्या पाण्याच्या विहिरी.

त्याचं कारण भूगर्भात आहे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. पावसाचं मुरलेलं पाणी किनाऱ्याच्या जमिनीत खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर तरंगत राहतं आणि आपल्या वजनाने त्याला खाली दाबून ठेवतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाडोन घायबेन या डच अभियंत्याने आणि नंतर हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने त्याचं गणित मांडलं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी उभं असेल, तर सपाटीच्या खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत खारं पाणी रोखलेलं असतं. उलट वरची पातळी अर्ध्या मीटरने उतरली, तर खालून खारं पाणी वीस मीटर वर सरकतं. वसईच्या शेतकऱ्याला हे गणित कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याच्या वाडीची रचना त्याच्याबरहुकूम होती. वाडीवाडीत बावखल असे. बावखल म्हणजे खोदलेलं लहान तळं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरे, पाणी हळूहळू जमिनीत उतरे आणि आसपासच्या विहिरी उन्हाळ्यातही गोड राहत. विहिरींवर बैलांचे रहाट होते. रहाट दिवसभरात जितकं पाणी उपसे, त्यापेक्षा जास्त उपसण्याची सोयच नव्हती. म्हणजे उपशाला मर्यादा अवजारानेच घातली होती. डिझेलची इंजिनं आणि विजेचे पंप आले तेव्हा ती मर्यादा सुटली, आणि माझ्या मते वसईच्या संकटाची सुरुवात तिथं आहे. बिल्डर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले.

मुंबईशी वसईचं नातं रेल्वेने जोडलं. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी सुटली. १९३६ मध्ये विजेवरची लोकल विरारपर्यंत आली. या गाड्यांतून आधी माल गेला, माणसं नंतर. पहाटेच्या लोकलने डोक्यावर टोपल्या घेऊन निघणाऱ्या वसईच्या बाया बोरिवली, अंधेरी, वांद्रे, दादर इथं उतरत आणि सकाळच्या आत दारोदार पोहोचत. मुंबईच्या उपनगरांत वसईवाली म्हटलं की ताजी भाजी, केळी आणि फुलं हे समीकरण पक्कं होतं. दूधवालेही याच भागातले. विड्याची पानं रेल्वेने दूर उत्तरेपर्यंत जात. म्हणजे हा पट्टा शहराबाहेर राहून शहराचंच काम करत होता, आणि ते काम करायला त्याला कुणी अनुदान दिलेलं नव्हतं.

मग शहराला घरं कमी पडली. १९८२ च्या गिरणी संपाने गिरणगाव मोडलं. लालबाग-परळच्या, गिरगाव-दादरच्या चाळींतल्या कुटुंबांना मुलं मोठी झाल्यावर तिथं जागा उरली नव्हती. पगारात परवडेल असं घर मीरा रोड, भाईंदर आणि त्यापुढे नालासोपाऱ्यातच मिळत होतं. लोकलला लटकून रोज दीड-दोन तास प्रवास करायची तयारी ठेवून ती माणसं इकडे आली. वसईच्या लढ्याबद्दल बोलताना या माणसांना खलनायक ठरवण्याची चूक काही वेळा झाली आहे. ती कोकणातली, घाटावरची, आणि पुढे उत्तर भारतातलीही, कष्टकरी माणसं होती. डोक्यावर छप्पर मागणं हा त्यांचा हक्कच होता. त्यांना घर देण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती बाजारावर सोडून दिली, हा खरा दोष. मुंबईतली गिरण्यांची जमीन मोकळी होत असताना गिरणी कामगार मात्र तीस-चाळीस मैलांवर, पिकत्या जमिनीच्या कडेला जाऊन राहत होता.

या इमारतींना पाणी कुठून आणायचं? नळयोजना नव्हती. रेल्वेच्या दोन्ही अंगांना, नवघर-माणिकपूर आणि नालासोपाऱ्यात, चार-चार मजली इमारती उठत होत्या, आणि पाणी येत होतं पश्चिमेकडच्या वाड्यांतल्या विहिरींमधून, टँकरने. इमारत बांधायलाही तेच पाणी, राहायला आलेल्यांना प्यायलाही तेच. टँकरवाला विहिरीच्या मालकाला रोख पैसे देत असे. केळीच्या घडाचे पैसे सहा महिन्यांनी मिळायचे, पाण्याचे संध्याकाळी मिळत होते. काही मालकांनी विहिरी टँकरला लावल्या. पण भूजलाला बांध नसतो. एकाच्या विहिरीवर दिवसरात्र पंप चालू राहिला की शेजारच्या चार वाड्यांची पातळी उतरे, आणि उतरलेल्या जागी खारं पाणी येई. पानवेल खाऱ्या पाण्याला सर्वांत आधी बळी पडते. पानं पिवळी पडू लागली, केळी खुरटू लागली, आणि ज्याने एक तांब्याही विकला नव्हता त्याची वाडी गेली. गेलेली वाडी मग पडीक दिसते. जमीन पडीकच आहे, शेती परवडत नाही, मग बिनशेती करून टाकायला हरकत काय, असा युक्तिवाद त्यानंतर उभा राहतो. सातबाऱ्यावरचा बदल तलाठी कार्यालयात होत असेल, पण तो ठरतो विहिरीच्या तळाशी.

१९८८ चा निर्णय आला तो या पार्श्वभूमीवर. नोकरशाहीच्या भाषेत तो झोन बदलण्याचा एक निर्णय होता. गावांत त्याचा अर्थ असा लागला की आता कुणाचीच वाडी सुरक्षित नाही. कुळकायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, पण साठेखत आणि कुलमुखत्यारपत्राच्या वाटा मोकळ्या होत्याच. दलाल घरोघर फिरू लागले. भावाभावांतले वाद, सामाईक हिस्से, परदेशी गेलेल्या नातेवाइकांच्या सह्या, हे सगळं हेरून व्यवहार होऊ लागले. पैशाबरोबर दहशतही आली. ऑक्टोबर १९८९ मध्ये नालासोपारा स्थानकावर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून मारण्यात आलं. ते प्रकरण पुढे अनेक वर्षं न्यायालयांत चाललं. जमिनीच्या धंद्याने वसईत काय रूप घेतलं होतं हे त्या एका घटनेने साऱ्या महाराष्ट्राला कळलं.

अशा दिवसांत हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या अग्रभागी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मूळचे नंदाखालचे, वाडीतल्या घरात वाढलेले, आणि १९८३ पासून ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. त्यांच्याबरोबर मार्कुस डाबरे आणि इतर अनेक कार्यकर्ते होते. धर्मगुरूने राजकारणात पडावं का, यावर तेव्हा बरीच टीका झाली. दिब्रिटोंची भूमिका साधी होती: ज्या माणसांचे बाप्तिस्मे आणि अंत्यविधी मी करतो त्यांच्या विहिरी आटत असताना मी प्रवचनापुरतं राहू शकत नाही. मला त्यांच्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. हा लढा चर्चच्या आवारात जन्मला असता तर तो ख्रिस्ती समाजाचा लढा म्हणून बाजूला टाकणं सोपं होतं. समितीने ते होऊ दिलं नाही. मुद्दा जातीचा नाही, धर्माचा नाही, पाण्याचा आहे, हे सुरुवातीपासून ठासून सांगितलं, आणि आगाशीचा सामवेदी, भुईगावचा कुपारी, निर्मळचा वाडवळ आणि किनाऱ्यावरचा कोळी एका मोर्चात चालले.

१९८९ चा तो मोर्चा वसईच्या स्मृतीत अजून ताजा आहे. हजारो माणसं रस्त्यावर आली आणि त्यांत बायांची संख्या डोळ्यांत भरणारी होती. ते स्वाभाविकच होतं. वाडीतून बाजारापर्यंतचा अर्धा व्यवहार त्यांच्या हाती होता आणि घरातलं पाणी भरणंही त्यांच्याच वाट्याचं होतं. पाणी खारट झाल्याची पहिली खबर चुलीपाशी लागत असे. गावांत टँकर अडवले जाऊ लागले. रात्री रस्त्यावर पहारे बसले. पाणी विकणाऱ्या गाववाल्यांशीही भांडणं झाली, आणि ती सर्वांत कडू होती, कारण समोर नातलगच उभे होते. कार्यकर्त्यांना धमक्या आल्या. दिब्रिटोंनी धमक्यांच्या काळातही लिहिणं आणि बोलणं थांबवलं नाही. ‘सुवार्ता’चे अंक, गावोगावच्या सभा, मुंबईतल्या वर्तमानपत्रांतले लेख यांमुळे हरित वसई हे दोन शब्द मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले. पर्यावरण हा शब्द तेव्हा आजच्यासारखा उठता-बसता वापरात नव्हता.

आंदोलनाचा परिणाम झाला, पण अर्धामुर्धा. मे १९९० मध्ये सरकारने वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. आता सगळं आराखड्याप्रमाणे होईल, असं सांगण्यात आलं. १९९१ मध्ये केंद्र सरकारची किनारा नियमन अधिसूचना आली आणि समुद्रालगतच्या पट्ट्याला दुसरं कवच मिळालं. सिडकोचा विकास आराखडा मात्र अंतिमतः मंजूर व्हायला २००७ उजाडलं. सतरा वर्षं! या सतरा वर्षांत रेल्वेच्या पूर्वेला आणि पश्चिमेच्या लगतच्या भागात, कागदाची वाट न पाहता, इमारती आणि चाळी उठत गेल्या. गासच्या अलीकडची भातखाचरं, आचोळ्याची मिठागरं, नाल्यांच्या काठच्या खाजणाच्या जमिनी भरावाखाली गेल्या. वाचलं ते किनाऱ्याकडचं: अर्नाळ्यापासून वसई गावापर्यंत वाड्यांची सलग माळ बव्हंशी हिरव्या पट्ट्यातच राहिली. आज उपग्रहाच्या चित्रात विरारपासून दक्षिणेकडे पाहिलं तर रेल्वेच्या अंगाला राखाडी आणि समुद्राच्या अंगाला हिरवं, अशी रेघ सरळ दिसते. ती रेघ १९८९ च्या माणसांनी आखलेली आहे.

पण हरित पट्टा ठेवला म्हणजे शेती टिकली, असं म्हणता येत नाही. ज्याच्या जमिनीवर हिरवा रंग पडला त्याला त्या रंगाच्या बदल्यात काय मिळालं? रेल्वेजवळच्या भावाने गुंठ्यांनी जमीन विकून मुलांना शिकवलं, बंगला बांधला. पश्चिमेच्या भावाने जमीन राखली, तर त्याच्या वाट्याला खारट विहीर, मजुरांची टंचाई आणि केळीचा पडलेला भाव आला. शहराला हवा, पाणी आणि मोकळी जमीन पुरवण्याचं काम तो फुकट करत राहिला. काही जण वैतागून म्हणतात, आमच्याच जमिनीवर हा रंग कशाला? त्यांचा राग मला खोटा वाटत नाही.

जपानने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने हाताळला. टोकियोसारख्या शहरांच्या आत उरलेल्या शेतांसाठी तिथं १९७४ मध्ये उत्पादक हरितभूमीचा कायदा झाला आणि १९९१ मध्ये तो कडक करण्यात आला. शेतकऱ्याने तीस वर्षं शेतीच करण्याचं लेखी बंधन स्वीकारायचं. त्याबदल्यात त्याच्या जमिनीवर शहरी भावाने कर न लावता शेतजमिनीचा कर लावायचा. जो बंधन घेणार नाही त्याने शहराच्या दराने कर भरायचा. १९९२ पासूनची तीस वर्षं २०२२ मध्ये संपली तेव्हा सगळी शेतं एकदम विक्रीला निघतील अशी भीती होती. सरकारने आधीच दहा वर्षांच्या मुदतवाढीची तरतूद करून ठेवली होती आणि बहुतेक शेतकऱ्यांनी ती घेतली. टोकियोच्या उपनगरात घरांच्या रांगांमध्ये मुळ्याचे आणि कोबीचे वाफे दिसतात ते या सौद्यामुळे. आपल्याकडे १९६६ च्या नगररचना कायद्यात जमिनीला रंग देण्याची ताकद आहे. त्या रंगाखाली राबणाऱ्या माणसाशी करार करण्याची पद्धत मात्र आपण बसवली नाही.

पुढचं वळण हद्दीच्या प्रश्नाने आलं. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि भोवतालची ५३ गावं एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. गावांनी कडाडून विरोध केला. ग्रामपंचायत गेली की ग्रामसभा जाते, आणि ग्रामसभा गेली की विहीर, बावखल, गुरचरण यांबद्दल गावात बसून निर्णय घेण्याची जागाच उरत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. घरपट्टी वाढेल ही भीती दुय्यम होती. नेतृत्व विवेक पंडितांकडे आलं. श्रमजीवी संघटनेचे संस्थापक, ज्यांनी १९८२ पासून याच तालुक्याच्या पूर्व भागात आदिवासी वेठबिगारांच्या मुक्तीचं काम उभं केलं होतं. या गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. वाड्यांच्या हिरव्या वैभवामागे पूर्वेच्या आदिवासींचे कष्ट होते आणि त्यांना त्यांचा न्याय फार उशिरा मिळाला. वसईच्या इतिहासात हे पान गाळून चालणार नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वसईने अनेक वर्षांची सत्ता उलथून पंडितांना निवडून दिलं. गावांचा प्रश्न किती खोल गेला होता, हे त्यातून कळतं.

३१ मे २०११ रोजी सरकारने २९ गावं महापालिकेतून वगळण्याची अधिसूचना काढली. महापालिका उच्च न्यायालयात गेली, स्थगिती आली, आणि प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहिलं. गावं ना धड आत, ना बाहेर. या अधांतरी काळात पश्चिमेच्या गावांतही लहान लहान चाळी, बेकायदा गाळे आणि भराव शिरले. एका मोठ्या निर्णयाने जे १९८८ मध्ये साधलं नव्हतं ते शेकडो छोट्या दुर्लक्षांनी साधत गेलं.

२०१६ च्या सप्टेंबरात महानगर प्रदेशाच्या पुढच्या वीस वर्षांची प्रारूप प्रादेशिक योजना प्रसिद्ध झाली तेव्हा वसई पुन्हा जागी झाली. हरित पट्ट्यात बांधकामाला सवलती वाढतील या शंकेने गावोगाव सभा झाल्या आणि हजारोंनी हरकती लिहून दिल्या. १९८९ मध्ये मोर्चात आईचं बोट धरून चाललेली मुलं आता तिशीत होती. त्यांतले कुणी वास्तुविशारद होते, कुणी वकील, कुणी शिक्षक. त्यांनी नकाशे उघडून सर्व्हे नंबर मांडून दाखवले. लढ्याची भाषा बदलली होती.

मग आला जुलै २०१८. वसई, नालासोपारा आणि विरार सलग काही दिवस पाण्याखाली राहिले. लोकल बंद, वीज बंद, मिठागरांच्या वस्तीत माणसं अडकलेली. महापालिकेने पूर का आला हे शोधायला नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांची समिती नेमली. गावांतल्या म्हाताऱ्यांना कारण ठाऊक होतं. सोपाऱ्याकडून खाडीकडे उतरणाऱ्या पाण्याच्या वाटा भरल्या होत्या, खाजणं भरली होती, आणि सिडकोच्या आराखड्यात पावसाचं पाणी साठवायला जे धारण तलाव दाखवले होते ते कागदावरच राहिले होते. त्या पुरानंतर गावातल्या तरुणांनी बावखलं साफ करण्याच्या मोहिमांना जोर दिला. कचऱ्याने आणि जलपर्णीने भरलेली तळी रविवारी श्रमदानाने मोकळी होऊ लागली. हरित वसईच्या लढ्याचं हे मला सर्वांत आशादायी रूप वाटतं, कारण त्यात गोड्या पाण्याचा साठा प्रत्यक्ष वाढतो.

जानेवारी २०१९ मध्ये आमच्या यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. बराच वाद होऊन शेवटी त्याचं उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने केलं. पुढच्याच वर्षी उस्मानाबादच्या ९३ व्या संमेलनाचे अध्यक्ष झाले फादर दिब्रिटो. कापसाच्या कर्जाखाली गेलेलं वावर आणि खाऱ्या पाण्याने गेलेली वाडी अशा दोन टोकांचे शेतीप्रश्न लागोपाठच्या दोन वर्षी मराठी साहित्याच्या मंचावर आले. त्या दोहोंचं नातं तेव्हा कुणी जोडून दाखवलं नाही याची मला खंत आहे. जमीन विकणारा शेतकरी बहुतेक वेळा आधी पाण्यात आणि भावात हरलेला असतो. ले-आउटचा माणूस त्याच्या दारात येतो तो त्यानंतर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने २०११ चा निर्णय मागे घेऊन ती २९ गावं महापालिकेतच ठेवली. त्याच वर्षी २५ जुलैला फादर दिब्रिटोंचं निधन झालं. त्यांच्या अंत्ययात्रेला वसईतले सगळे समाज लोटले. जनगणनेने २०११ मध्येच वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांवर मोजली होती. आज ती कितीतरी पुढे गेली आहे. त्यातल्या बहुसंख्यांसाठी पश्चिमेच्या वाड्या म्हणजे रविवारी समुद्रावर जाताना वाटेत लागणारी सावली. सूर्या धरणाचं पाणी नळाला येऊ लागल्यापासून विहिरींशी त्यांचा संबंध तुटला आहे.

महापालिकेच्या पुढच्या विकास आराखड्यात हरित पट्टा राहील की नाही यावर पुन्हा वाद होईल. गावांनी त्या वेळी नुसता रंग मागून थांबू नये असं मला वाटतं. प्रत्येक बावखल सर्व्हे नंबरासह नकाशावर यावं, ते बुजवणं गुन्हा ठरावा, विहिरीच्या उपशाला मर्यादा असावी, आणि जो वाडी पिकती ठेवेल त्याला घरपट्टीत व पाणीपट्टीत लेखी करारानं सूट मिळावी. आणि यवतमाळ नगरपरिषदेत आलेल्या गावांतल्या लोकांनी, वावरांतून ओढ्याकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटा ले-आउटच्या नकाशावर दाखवल्या आहेत का, हे नगररचना कार्यालयात जाऊन आत्ताच पाहून यावं.